डिस्क ब्रेक अपग्रेड केले तरी पेडल खाली जातंय? एमजी, ट्रायम्फवाल्यांनी आधी हे तपासा

आधी लक्षणं. "ब्रेक बरोबर लागत नाहीत" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. तेव्हा गाडीत बसा, पेडलवर पाय ठेवा आणि नेमकं काय होतंय ते ओळखा.

- पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं, पण लगेच दुसरा दाब दिला की वर येतं आणि घट्ट लागतं.
- पेडल मऊ लागतं, दाबत जाईल तसं दबतच राहतं, पंप केल्यावर जरा बरं वाटतं आणि परत तेच.
- पाय दाबून धरला तर पेडल हळूहळू खाली सरकत जातं.
- पेडल कडक आहे, जोर लावून पाय दुखतो, पण गाडी थांबत नाही.
- थोडं अंतर गेलं की गाडी जड वाटायला लागते, चाकं तापतात, आणि उभी करून थंड झाली की परत मोकळी होते.
- ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, किंवा पेडल पायाखाली थरथरतं.
- घाट उतरताना ब्रेक जातात आणि खाली येऊन गाडी उभी ठेवली की परत येतात.

यातलं कुठलं आपलं आहे ते कागदावर लिहून ठेवा, खरंच लिहा, कारण पुढं चार गोष्टी उघडल्या की आधी काय होत होतं ते कुणालाच आठवत नाही.

मी सातारला जुन्या इंग्लिश गाड्यांच्या ब्रेकचं काम बरीच वर्षं करतोय. एमजीची एमजीबी आणि मिजेट, ट्रायम्फची स्पिटफायर, आणि मद्रासला बनलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड, जिला बरेच जण पुढचे ड्रम काढून स्पिटफायरच्या डिस्क बसवतात. गाडी सांगलीची असो, कराडची असो नाहीतर पाचगणीच्या एखाद्या बंगल्यातली, तक्रार घेऊन येणाऱ्याची गोष्ट बहुतेक एकच असते. बाहेरून महाग कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग, मागवले, बसवले, त्रास गेला नाही, मग कॅलिपर खराब म्हणून दुसरे मागवले, तरी त्रास तसाच. आणि दोष निघतो तो जुन्या राहिलेल्या अर्ध्या सिस्टीममध्ये. मागच्या ड्रममध्ये, ऑइलमध्ये, रबरी होजमध्ये (ऑइलच्या नळीत), व्हील बेअरिंगमध्ये, नाहीतर नव्या कॅलिपरला न शोभणाऱ्या मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या पंपात. कॅलिपर स्वतः खराब निघालाय असं फार कमी वेळा झालंय.

एक गोष्ट अजून सांगतो, ती बऱ्याच जणांना पटत नाही. एमजीबी १९६२ साली आली तीच पुढं डिस्क आणि मागं ड्रम घेऊन. त्याआधी १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढं डिस्क आल्या होत्या, आणि त्याच्याही आधी १९५३ ला जग्वार सी-टाइपने ल मॉंची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली होती. म्हणजे या गाड्यांचे कंपनीचे ब्रेक कच्चे नव्हते. चांगल्या स्थितीतले मूळ ब्रेक चारही चाकं लॉक करू शकतात, आणि चाक लॉक झाल्यावर पुढं टायरच काय ते करणार. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर याचा खरा फायदा उष्णता सहन करण्यात आहे, म्हणजे घाटात. सातारा शहरात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गाडी फिरवायची असेल तर मूळ ब्रेक नीट करून घेतले तरी पुष्कळ आहे.

आता तपासणी. सगळ्यात सोपं आणि बिनपैशाचं आधी.

फुकटातलं, दहा मिनिटांत होणारं

पेडलखाली मॅट अडकत नाही ना बघा. टायरची हवा चारही चाकांत मोजा, पुढच्या दोन टायरमध्ये हवा कमीजास्त असली तरी गाडी ओढते आणि माणूस कॅलिपर उघडून बसतो. मास्टर सिलेंडरमधलं ऑइल किती आहे, कुठल्या रंगाचं आहे ते बघा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, होजच्या जॉइंटला, पेडलच्या वर मास्टरच्या मागं, हात लावून ओल आहे का बघा. कुठंही ओल दिसली तर पुढचं काही करू नका, गाडी तिथंच उभी.

मग खाली वाकून कॅलिपरचे एअर काढायचे निपल बघा. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला पाहिजेत. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं लागला तर बऱ्याच कॅलिपरमध्ये सगळं बसतं, बोल्ट बसतात, होज लागतो, फक्त निपल खाली येतो. हवा नेहमी वर चढते, निपल खाली असला तर वरच्या कोपऱ्यातली हवा लिटरभर ऑइल वाहून गेलं तरी निघत नाही. पेडल मऊ राहण्याचं हे कारण मला इतक्या वेळा सापडलंय की मी टूलबॉक्स उघडायच्या आधी टॉर्च घेऊन हेच बघतो. अदलाबदल करा, एअर काढा, झालं.

शेवटी पेडलचा मोकळा प्ले. पेडल हाताने हलकं दाबा, मास्टरचा पिस्टन हलायच्या आधी थोडा ढिलेपणा जाणवला पाहिजे. तो अजिबात नसेल, म्हणजे पेडलकडून ढकलणारा पुशरॉड पिस्टनला आधीच टेकून बसलेला असेल, तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही आणि मास्टरमधलं ऑइल परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. चाकं तापली, ऑइल फुगलं, त्याला जायला जागा नाही, मग ब्रेक आपोआप लागायला लागतात. "थोडं अंतर गेल्यावर गाडी जड होते" या लक्षणाचं हे पहिलं कारण आणि एका पान्याचं काम. काही गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विचच पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, तोही बघून घ्या.

मागचे ड्रम: खर्च नाही, फक्त मेहनत

पहिल्या दाबाला पेडल खाली आणि दुसऱ्याला वर, हे लक्षण असेल तर सगळ्यात आधी इथं या. पुढचं सगळं नवं केलं म्हणून मागच्याकडं कुणी बघतच नाही. डिस्कचा पॅड सुटल्यावर अगदी थोडासाच मागं सरकतो, कॅलिपरमधलं रबरी सील त्याला ओढतं तेवढाच. ड्रमच्या शूला मात्र स्प्रिंग असतात, त्या शूला पार मागं नेऊन ठेवतात. शूवरचा घासणारा लायनर झिजला की प्रत्येक दाबाला ते सगळं अंतर आधी भरावं लागतं, आणि ते भरतं मास्टरमधल्या ऑइलनेच. त्यात पुढं मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावलेत म्हणजे त्यांनाही ऑइल जास्त लागतंय. मागं अंतर, पुढं भूक, आणि मास्टर तेवढाच. पेडल खाली जाणारच.

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना गुटके लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा, मागून जॅक लावून दोन्ही बाजूंना स्टँड द्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. हँडब्रेकची केबल आधी ढिली करा, नाहीतर केबलच शूला ओढून धरते आणि अॅडजस्टमेंट चुकते. ड्रमच्या मागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर आहे. हा बहुतेक गंजलेला असतो, आदल्या रात्री गंज काढायचं तेल मारून ठेवा, आणि त्याला नीट बसणाराच पाना वापरा, पकडीने धरलं की चौकोनाचा गोल होतो आणि मग पुढचा सगळा दिवस त्यातच जातो. तेल फक्त बाहेरच्या आट्यावर, आत लायनरला एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

अॅडजस्टर आवळत जा, चाक हाताने फिरवत राहा. घास लागायला लागेल, अजून आवळा, चाक जाम होईल. आता कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा, शू मध्यभागी बसतात. परत आवळून बघा, बऱ्याचदा अजून थोडं जातं. मग चाक मोकळं फिरेपर्यंत एक-दोन टप्पे मागं घ्या. हलका घासण्याचा आवाज राहिला तर चालतो. दोन्ही बाजू झाल्यावरच हँडब्रेकची केबल. एवढ्यावर निम्म्या गाड्या नीट होतात असं माझं मत आहे, आणि यात रुपया जात नाही.

ड्रम उघडलाच तर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. गॅरेजमध्ये सगळे तेच करतात म्हणून मुद्दाम सांगतोय. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो फुफ्फुसात गेला की बाहेर येत नाही. तोंडाला मास्क लावा, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेक ऑइल: थोडे पैसे, फार मोठा फरक

घाटात ब्रेक जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त खाली येते, आणि इंजिन धरत नसेल तर ती सगळी ताकद डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक दोन तऱ्हेने जातात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पेडल कडकच आहे, जळका वास येतोय, पण पकड नाही, तर पॅड किंवा लायनर तापून गेलेत. पेडलच फळीपर्यंत खाली गेलं तर ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही, पण त्यातून झालेली वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला काही पोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं, पेडल वर येतं, आणि माणूस म्हणतो आता ठीक आहे. ठीक नसतं.

साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ कोरं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळायला नको आणि पाणी ओढल्यावर तो आकडा १५५ वर येतो. डॉट ३ ला हेच २०५ आणि १४०. आपल्याकडं महाबळेश्वर, कास, पाटणच्या बाजूला पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते, आणि या गाड्या तर वर्षातून थोड्याच चालतात, बाकी वेळ शेडमध्ये उभ्या. चालत नाही म्हणून ऑइल खराब होत नाही असं काही नाही. दोन वर्षांनी बदलायचंच, किलोमीटर बघायचे नाहीत. मास्टरमधलं ऑइल काळपट चहासारखं दिसत असेल तर वाट बघूच नका.

डॉट ४ सीलबंद डब्यातलं घ्या, अर्धा उघडा राहिलेला मागच्या वर्षीचा डबा नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते साध्यात मिसळायचं नाही, आणि डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं नाही, दुकानात डब्यावर नीट वाचून घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघतो.

एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. प्रत्येक निपलमधून स्वच्छ, नव्या रंगाचं ऑइल येईपर्यंत काढा. पेडल सावकाश दाबा, भसाभस पंप केलं की ऑइलचा फेस होतो. आणि जुन्या मास्टरचं पेडल एअर काढताना एकदम तळापर्यंत नेऊ नका. वर्षानुवर्षं पिस्टन ज्या भागात फिरला नाही तिथं गंजाची कड असते, सील त्यावरून गेलं की कापतं, आणि काल चांगला असलेला मास्टर आज गळायला लागतो.

ब्रेकचा कुठलाही रबरी भाग पेट्रोल, डिझेल, रॉकेलने धुवायचा नाही आणि साधं ग्रीस लावायचं नाही. सील फुगतात आणि जाम होतात. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, लावायला रबरासाठीचं लाल ग्रीस.

होज

एमजीबीला रबरी होज तीनच, पुढं दोन आणि मागं एक. बाहेरून काळेभोर छान दिसतात आणि आतून बंद झालेले असतात. एका मिजेटचा पुढचा डावा होज मी ब्लेडने उभा चिरला होता, बाहेर एक चीर नव्हती, आत रबर फुगून भोक एवढं बारीक झालेलं की टाचणी जेमतेम जाईल. दाबल्यावर जोराने ऑइल पुढं जातं, सोडल्यावर परत यायला जोर नाही, त्यामुळे ते चाक धरलेलंच राहतं. त्या गाडीला दोन्ही बाजूंचे कॅलिपर नवे लागले होते, तरी डावीकडं ओढायची.

तपासायचं असं: गाडी जिथं जड होते तिथं थांबवा, ते चाक स्टँडवर उचलून हाताने फिरवा, जाम असेल तर त्या कॅलिपरचा निपल थोडा उघडा. निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलंय. मग निपल बंद करा, पेडल एकदा दाबून सोडा आणि मास्टरजवळचा पाइपचा नट थोडा ढिला करा. तिथं मोकळं झालं तर दोष मास्टरचा किंवा पुशरॉडचा, तिथं नाही पण निपलवर मोकळं होतं तर होजचा. निपल उघडूनही चाक जामच असेल तर पिस्टन किंवा पॅड अडकलाय. ही तपासणी फुकट आहे आणि हिच्यामुळे चुकीचा पार्ट घ्यायचा वाचतो. नंतर नट परत आवळून त्या लाइनची एअर काढायला विसरू नका.

मऊ पेडलसाठी दुसरी युक्ती. साध्या रबरी होजला गोल तोंडाचे क्लॅम्प लावून तिन्ही होज बंद करा आणि पेडल दाबा. कडक झालं तर मास्टर चांगला आहे. मग एकेक क्लॅम्प काढत जा, ज्या क्लॅम्पला पेडल मऊ होतं त्या चाकाकडं दोष. तिन्ही बंद असूनही पेडल खाली सरकतंय आणि बाहेर कुठं गळत नाही, तर मास्टरच्या आतलं सील गेलंय. स्टीलच्या जाळीच्या होजला मात्र क्लॅम्प कधीच लावू नका, आतली नळी चेपते आणि परत सरळ होत नाही.

व्हील बेअरिंग आणि डिस्क

इथून पुढं मोजमाप लागतं. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खडखडतंय? बेअरिंगचा प्ले जास्त असला की खराब रस्त्यावर डिस्क डुलते आणि पॅडला मागं ढकलून ठेवते. मग सरळ रस्त्यावर पेडल छान, आणि खड्ड्यांतून, साखर कारखान्याच्या रस्त्याने आल्यावर पहिला दाब खाली. चार पिस्टनच्या घट्ट बसवलेल्या कॅलिपरला हा त्रास आणखी जाणवतो. एमजीबीच्या पुढच्या बेअरिंगचा प्ले ०.००२ ते ०.००४ इंच पाहिजे, आणि तो दोन बेअरिंगमधला स्पेसर आणि पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) वापरून बसवतात. बरेच मिस्त्री स्पेसर, शिम फेकून देतात आणि ट्रॅक्टरसारखा नट अंदाजाने आवळून पिन टाकतात. त्या स्पेसरमुळं स्टब अॅक्सलला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याला, मजबुती येते, तो फेकायचा नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं यंत्र) नसेल तर हे काम ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून करून घ्या.

थरथर असेल तर डायल डिस्कवर लावून फिरवा, साधारण ०.१ मिमीच्या वर डुलत असेल तर आधी हब आणि डिस्क जिथं एकमेकांना टेकतात ती जागा बघा. गंजाचा एक खपला तिथं राहिला तरी नवी कोरी डिस्क वाकडी फिरते. घासून स्वच्छ करा, परत मोजा. डिस्क लेथवर टर्न करायची वेळ आलीच तर जाडी मोजल्याशिवाय द्यायची नाही. कुपवाडला, सातारा एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत, पण त्याला कमीत कमी जाडीचा आकडा तुम्हीच द्यायचाय, तो डिस्कवर नाहीतर पार्टच्या कागदात लिहिलेला असतो.

तारेची चाकं असणाऱ्यांनी अजून एक. ब्रेक मारताना एकदाच "टक्" असा आवाज येतो आणि रिव्हर्सला ब्रेक मारल्यावर परत एकदा, तर तो ब्रेकचा नसून हबवरचे दाते झिजल्याचा असू शकतो. दात्यांना टोक आलंय का बघा. टोक आलं असेल तर गाडी चालवू नका. आणि मोठा कॅलिपर तारांना घासत नाही ना हे चाक एक पूर्ण फेरा हाताने फिरवून बघायचं.

पॅड

कडक पेडल, पकड कमी, आणि पॅड "रेसिंगचे" असतील तर उत्तर तिथंच आहे. ते पॅड गरम झाल्यावर धरतात, शहरात ते गरमच होत नाहीत. रस्त्याच्या वापराचे पॅड घ्या. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पूर्ण न थांबता हळूहळू वेग कमी करायचा, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं बऱ्याच वेळा करायचं. पॅडवर ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर तो टाकायचाच, जाळून, घासून काही होत नाही, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम.

मास्टर, बूस्टर, पाइप: इथं डोकं लागतं आणि पैसाही

वरचं सगळं बरोबर असूनही त्रास असेल तरच इथं या.

मास्टरचं माप. इंजेक्शनची सिरिंज घ्या, बारीक सिरिंजमधून धार जोरात जाते पण दट्ट्या लांब ढकलावा लागतो, जाड सिरिंजमध्ये औषध भरपूर जातं पण अंगठ्याला जोर लागतो. तसंच आहे. पेडल लांब जातंय म्हणून ५/८ इंची मास्टर काढून ३/४ इंची लावला तर एका दाबात ४४ टक्के ऑइल जास्त जातं, पेडल वर येतं, पण त्याच पायाच्या जोराला प्रेशर जवळपास ३० टक्के कमी मिळतं. पेडल छान लागतंय म्हणून खूश झालेला माणूस गाडी थांबत नाही म्हणून परत येतो. कॅलिपर विकणाऱ्याने सोबत कुठल्या मापाचा मास्टर सांगितलाय ते विकत घ्यायच्या आधी विचारा.

ड्रमच्या गाडीला डिस्क लावणाऱ्यांसाठी, म्हणजे हेराल्डवाले आणि जुन्या ऑस्टिन-हीली स्प्राइटवाले: ड्रमच्या मास्टरमध्ये किंवा लाइनमध्ये बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, तिथं स्प्रिंग आहेत. डिस्कला स्प्रिंग नाही, पॅड कायम घासत राहतो, डिस्क तापते, ऑइल उकळतं. पुढं डिस्क केल्या आणि मास्टर ड्रमचाच ठेवला तर हा व्हॉल्व्ह आहे का ते बघायलाच पाहिजे.

बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा भाग, तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला वन-वे व्हॉल्व्ह आधी बघा, बूस्टर नंतर. ऑइल कमी होतंय, बाहेर कुठं गळत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर वेगळा बसवलेला बूस्टर आतून ऑइल इंजिनमध्ये ओढतोय. बूस्टरने पायाचा जोर वाचतो, पेडलचं लांब जाणं त्याने कमी होत नाही, म्हणून लांब पेडलवर उपाय म्हणून बूस्टर घेऊ नका.

आणि पाइपचे आटे. हे फार जपा. या गाड्यांचे नट ३/८ इंची यूएनएफ, इंचाला २४ आटे. आपल्या बाजारात मिळणारे पाइप एम१० बाय १, म्हणजे १० मिमी व्यास आणि १ मिमी आट्याचं अंतर. व्यासात अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक, आट्याच्या अंतरातही किरकोळ फरक, म्हणून एक दुसऱ्यात सुरुवातीचे आटे जातोही, आवळला की बसल्यासारखा वाटतो. आणि जोरात ब्रेक मारला की सुटतो. नट पूर्ण हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्येच पान्याची गरज पडली तर थांबा. पाइपच्या टोकाचं फ्लेअर, म्हणजे पसरवलेलं तोंड, तेही एकेरी की दुहेरी हे समोरच्या जागेप्रमाणे लागतं, नुसतं फुगवून चालत नाही.

कुठं थांबायचं

पेडल तळाला जातंय किंवा धरल्यावर सरकतंय, तर गाडी चालवत कुठंही न्यायची नाही, गॅरेज दोन गल्ल्या पलीकडं असलं तरी टो करून न्या. डिस्कला, हबला, कॅलिपरच्या ब्रॅकेटला तडा दिसला, आटे गेलेत, तर घरचं काम संपलं. कॅलिपरचे दोन अर्धे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, ते बोल्ट खोलू नका, पिस्टन त्याशिवाय निघतात. ब्रॅकेट बसत नाही म्हणून ग्राइंडर लावायचा, स्टब अॅक्सलला वेल्डिंग करायचं, असं कुणी सुचवलं तर गाडी तिथून परत आणा. फ्लेअर करायचं नीट टूल नसेल तर पाइप बनवायला देऊन टाका. मास्टर आतून गंजून खड्डे पडले असतील तर नुसतं किट टाकून टिकत नाही, आत स्लीव्ह (नवी नळी) बसवणाऱ्याकडं द्या नाहीतर नवा घ्या. मागचा ब्रेक पुढच्याआधी लॉक होत असेल तर तेही स्वतः करत बसू नका, मागचं चाक आधी अडकलं की गाडी गर्रकन फिरते, आणि ते ठीक करायला दोन्ही बाजूंचं प्रेशर मोजणारा माणूस पाहिजे.

ज्याच्याकडं जाल तो हायड्रॉलिक ब्रेक रोज करणारा असावा, जुनी गाडी आवडते एवढ्यावर भागत नाही. त्याला तो लक्षणांचा कागद द्या, काय काय केलं ते तारखेसकट सांगा, कॅलिपर आणि मास्टरची मापं द्या. काढलेले मूळ पार्ट पुसून, ग्रीस लावून जपून ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाखाली विंटेज गाड्यांसाठीचा व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा असेल तर चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत, तेव्हा कापाकापी न करता नटबोल्टवर निघणारंच अपग्रेड निवडा.

काम झाल्यावर गाडी आधी उभ्या जागी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून बघा, मिनिटभर धरा, सरकता कामा नये. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, मग जरा वेगाने, थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन कुठलं जास्त तापलंय ते बघा, परत खाली वाकून ओल बघा. दोन-चार दिवस सपाट रस्त्यावर फिरवा. यवतेश्वर किंवा पसरणी त्यानंतर, आणि तेही ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, एमजीबीला ओव्हरड्राइव्ह असेल तर तो बंद करून.